तरुण मधुमेही, त्यांचे हृदय आणि संशोधकांची पुढची पिढी : पार्श्वभूमी

"शुगरचं कळलं ओ डॉक्टर, पण हार्टचं आत्तापास्नं कशाला?" कोल्हापुरात मुलांच्या मधुमेहाच्या ओपीडीत तासभर बसले तरी हा प्रश्न कानावर पडतो. राधानगरीकडून पहाटेची एसटी धरून आलेली आई, शेजारी चौदा वर्षांची मुलगी, पिशवीत साखरेची वही आणि इन्सुलिनचे पेन. मुलगी दिसायला ठणठणीत. आईचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला अर्धे शतक घालवावे लागले, आणि कुणाही एका संशोधकाच्या नोकरीच्या काळात ते पूर्ण हाती आले नाही. तरुण मधुमेहींच्या हृदयावर काम करणारी नवी माणसे हाताखाली घेऊन तयार करावी लागतात, असे आज आग्रहाने म्हटले जाते, त्याचे कारण हेच.

1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी टाइप वन मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणेच थांबते तो प्रकार, झालेले मूल फार काळ जगतच नसे, त्यामुळे त्याच्या हृदयाची काळजी करण्याची वेळ येत नसे. मुले जगू लागली, मोठी झाली, तेव्हा डोळे, मूत्रपिंडे आणि मागाहून हृदय, अशी दुखणी एकेक करून वर आली. 1953 मध्ये कोरियातील युद्धात मरण पावलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरासरी वय 22, आणि 77 टक्के जवानांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा. झटका पन्नाशीत आला तरी बिघाड फार लवकर सुरू होतो, हे तेव्हा कळले. 

खरा पाया घातला गेला 1983 ते 1993 या दहा वर्षांत. अमेरिका आणि कॅनडात टाइप वनच्या 1441 रुग्णांचे दोन गट केले गेले. वय 13 ते 39. एका गटाला दिवसाला एक-दोन इंजेक्शने, म्हणजे तेव्हाची नेहमीची पद्धत. दुसऱ्याला तीन किंवा अधिक इंजेक्शने अथवा पंप, आणि दिवसातून अनेकदा बोट टोचून तपासणी. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी, टक्क्यांत) पहिल्या गटात 9 च्या आसपास राहिली, दुसऱ्यात 7 च्या. डोळे आणि मूत्रपिंडांना झालेला फायदा इतका उघड होता की प्रयोग ठरल्यापेक्षा वर्षभर आधी थांबवला गेला आणि पहिल्या गटालाही कडक उपचार घ्यायला सांगितले गेले. हृदयाबद्दल तोवर काहीच ठामपणे म्हणता येत नव्हते. झटके येण्याइतके कुणाचे वयच झाले नव्हते.

प्रयोग थांबवण्याचा निर्णय माणुसकीचा होता, पण त्याने तुलना संपली. पुढच्या काही वर्षांत दोन्ही गटांची साखर 8 च्या आसपास येऊन टेकली. मात्र अभ्यासाची वही मिटली गेली नाही. त्याच माणसांना दरवर्षी बोलावणे सुरू राहिले. 2005 मध्ये निकाल आला : सुरुवातीला साखर नीट ठेवलेल्या गटात हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार 42 टक्क्यांनी कमी, तर झटका, पक्षाघात किंवा त्यातून मृत्यू 57 टक्क्यांनी कमी. मधली कित्येक वर्षे दोघांची साखर सारखी असूनही. शरीर जुनी साखर लक्षात ठेवते. राधानगरीच्या त्या आईला देण्याजोगे उत्तर हे आहे. 1983 साली तेरा वर्षांचा असलेला मुलगा 2005 मध्ये पस्तिशीत होता, आणि त्याची पहिली नाडी पाहणारा तरुण डॉक्टर निवृत्तीकडे झुकला होता. वही एका हातातून दुसऱ्या हातात गेली, म्हणूनच ही गोष्ट कळली.

आपल्याकडचे घड्याळ वेगळे. एमडी तीन वर्षांचे, आणि प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा. विषय ठरणे आणि एथिक्स कमिटीची मंजुरी यांत सुरुवातीचे महिने जातात. रुग्ण गोळा करायला रेसिडेंटच्या, म्हणजे एमडी शिकणाऱ्या डॉक्टरच्या, हाती जेमतेम दीड वर्ष उरते. तेवढ्यात कुणाला झटका येत नाही, येऊही नये. मग मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी, लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तदाब अशा आधीच्या खुणा मोजल्या जातात. पन्नास-साठ मुले एकदा मोजायची, प्रबंधाला रेक्झिनचे कव्हर चढवायचे, ग्रंथालयाच्या कपाटात ठेवायचे. पुढची बॅच नवी पन्नास मुले मोजते. आधीची मुले दुसऱ्यांदा मोजायला कुणी बोलावत नाही, आणि या विषयात दुसऱ्यांदा मोजण्यालाच मोल आहे.

या सगळ्यात सर्वांत जास्त घोळ 'तरुण' या एका शब्दाने घातला आहे, आणि तो नुसता भाषेचा नाही. जागतिक व्याख्येत किशोरवय 10 ते 19 आणि युवावय 15 ते 24. आपल्या देशाच्या 2003 च्या युवा धोरणात 13 ते 35 वयाचे सगळे युवा. 2014 च्या धोरणात ते 15 ते 29 झाले. तरुणपणी मधुमेह झालेल्यांची देशपातळीवरची नोंदणी 2006 मध्ये सुरू झाली, तिने वयाच्या पंचविशीपर्यंत निदान झालेले सगळे घेतले. तिच्या पहिल्या टप्प्यात सुमारे दोन तृतीयांश टाइप वनचे आणि एक चतुर्थांश टाइप टूचे (इन्सुलिन असते, पण नीट काम करत नाही तो प्रकार) निघाले. मर्यादा अठराच ठेवली असती, तर टाइप टूची बरीच मुले जाळ्याबाहेर राहिली असती, कारण त्यांचे निदान साधारणपणे विशीच्या आसपास होते. उलट हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी पन्नास वर्षांचा पुरुषही 'अकाली' हृदयरोगी. तिथे मर्यादा पुरुषांना 55 आणि स्त्रियांना 65.

बालरोग विभागाची हद्द कुठे बाराला संपते, कुठे चौदाला, कुठे अठराला. तिथून पुढे मेडिसिनची ओपीडी, वेगळा मजला, वेगळा केसपेपर. या जिन्यावरच मुले हरवतात. मुलगा शिरोलीच्या एमआयडीसीत किंवा पुण्याला कामाला लागतो. मुलीचे लग्न जमवताना शुगर झाकून ठेवली जाते आणि फाईल माहेरच्या ट्रंकेत राहते. बालरोगाचा गाईड, म्हणजे प्रबंधाचा मार्गदर्शक, म्हणतो, रुग्ण आता माझा नाही. मेडिसिनवाल्याला वाटते, याला अजून काही झालेलेच नाही. कार्डिऑलॉजीपर्यंत तो पोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. संशोधनाच्या नियमांतही हीच रेषा आडवी येते. अठराच्या आत पालकांची संमती लागते, शिवाय सात ते बारा वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढे लेखी. अभ्यास चालू असताना मूल अठराचे झाले की त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यायची. हा फॉर्म राहून गेला म्हणून चांगला जमवलेला डेटा बाजूला ठेवावा लागलेला मी पाहिला आहे. नव्या संशोधकाने पहिल्याच दिवशी 'माझ्या अभ्यासातला तरुण कोण?' हे लिहून काढावे असा माझा आग्रह असतो, तो यासाठी.

'गाईड' आणि 'मेंटॉर' यांतला फरक इथे येतो. गाईड प्रबंधावर सही करतो, त्याचे नाते परीक्षेपर्यंतचे. मेंटॉरला आपल्याकडे नेमका शब्द नाही. तालमीतला वस्ताद त्याच्या सर्वांत जवळचा, कारण तो पकड कुठे ढिली पडली ते हाताला हात लावून दाखवतो. एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांनी रेसिडेंटला रक्तदाब मोजायला शिकवलेले मी जवळून पाहिले. मुलीचा दंड बारीक. त्यांनी शिंप्याची टेप काढली, खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंतचा मध्य पेनाने टिंबला, घेर मोजला : 18 सेंटिमीटर. कफ म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा. त्यातल्या फुग्याची रुंदी घेराच्या निदान 40 टक्के हवी, म्हणजे सव्वासात सेंटिमीटरच्या आसपास. टेबलावर मोठ्यांचा कफ होता, बारा-तेरा सेंटिमीटरचा. त्यात वरचा आकडा 112 आला होता. लहान कफ शोधून आणला, मुलीला पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटे बसवले. आता 120. तेरा वर्षांवरील मुलांत 120 हा लक्ष ठेवण्याचा आकडा आहे. मोठ्या कफने ती 'नॉर्मल'च्या रकान्यात गेली असती.

औषधांचा वाद अजून मिटलेला नाही. 2017 मध्ये 10 ते 16 वयाच्या 443 टाइप वन मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाने रक्तातली चरबी उतरली, पण दोन ते चार वर्षांत धमनीच्या भिंतीत फरक दिसला नाही. काहींना हा स्टॅटिनविरोधी पुरावा वाटतो. मला तो अवधी अपुरा असल्याचा पुरावा वाटतो. 1993 ला थांबलो असतो तर हृदयाबद्दल तेव्हाही हेच म्हटले असते. टाइप टूच्या मुलांना तर तेवढीही सवड नसते. अमेरिकेत 10 ते 17 वयात अभ्यासात घेतलेल्या 699 मुलांचा 2021 मधला निकाल धडकी भरवणारा आहे : सरासरी वय 26 होईतो दोन तृतीयांशांना उच्च रक्तदाब आणि निम्म्यांना रक्तातील चरबीचा विकार.

दीर्घ अभ्यास आपल्याला जमत नाहीत, असे मात्र नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला जातो आहे. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, हातापायाने काटकुळी, पण कातडीखालची चरबी टिकवून असलेली. त्या बाळांची पुढची पिढीही आता अभ्यासात आली आहे. मोजणारे बदलले, मोजण्याची रीत बदलली नाही.

कोल्हापूरच्या एका ओपीडीत अलीकडे हाताने आखलेली जाडजूड नोंदवही पाहिली. उंची, वजन, दंडाचा घेर, वापरलेला कफ, रक्तदाब, एलडीएल, लघवीतले अल्ब्युमिन, अठरावा वाढदिवस. त्यापुढे मामाचा किंवा मावशीचा फोन नंबर, कारण पत्ता बदलला तरी तो सहसा बदलत नाही. शेवटच्या रकान्यावर लिहिले होते, 'पुढचा फोन कोण करणार'. खाली दोन नावे खोडून तिसरे लिहिलेले होते, पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचे.