पोस्टाची मक्तेदारी आणि परदेशी कुरिअरवरची बंदी

भोसरीच्या आमच्या कंपनीतून महिन्यातून दोनतीनदा चीनला पाकीट जायचं. आत करारनामा, इन्व्हॉइस, सहीशिक्क्याच्या मूळ प्रती. डिस्पॅचचे काका पावतीवर ‘डॉक्युमेंट’च्या चौकोनात खूण करायचे आणि तीनचार दिवसांत पाकीट शांघायच्या ऑफिसात पोचायचं. एकदा तेच कागद पुढे निंगबोच्या पुरवठादाराकडे जायला हवे होते. शांघायच्या सहकाऱ्याने पाकीट घेऊन आलेल्या माणसालाच विचारलं, हे पुढे नेशील का? तो नाही म्हणाला. कंपनी परदेशी, त्यामुळे चीनमधलं पत्र चीनमध्येच पोचवायची तिला परवानगी नाही. शेवटी कागद चिनी कुरिअरने गेले.

हे ऐकून काका म्हणाले, “म्हणजे आपल्यासारखंच की. पत्र पोस्टाचं, बाकी सगळं कुरिअरचं.”

गल्लत होते ती इथेच, आणि ती फक्त काकांची नाही. पोस्टाची मक्तेदारी आणि परदेशी कंपनीवरची बंदी या दोन वेगळ्या गोष्टी वर्तमानपत्रांच्या बातम्यांतही एकमेकींच्या जागी वापरलेल्या मी पाहिल्या आहेत. पोस्टाची मक्तेदारी पाकिटात काय आहे ते विचारते. परदेशी कंपनीवरची बंदी कुरिअरचा मालक कोण ते विचारते. पहिलीत नाशिकच्या एका गाळ्यातला कुरिअरवालाही अडकतो आणि अमेरिकेची बलाढ्य कंपनीही. दुसरीत नाशिकवाला मोकळा सुटतो.

आधी आपल्याकडचं पाहू, कारण आपल्याकडे पहिलीच गोष्ट होती. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या कलम ४ ने पत्रं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचा अधिकार एकट्या सरकारला दिला होता. अपवाद अगदी घरगुती होते. गावी निघालेल्या मित्राच्या हाती, मोबदला न देता, पत्र पाठवता येत होतं. स्वतःच्या कामासाठी मुद्दाम माणूस पाठवता येत होता. मालासोबत त्या मालाविषयीची चिठ्ठी जाऊ शकत होती. पैसे घेऊन लोकांची पत्रं पोचवण्याचा धंदा मात्र कायद्याने पोस्टाचाच. गंमत अशी की ‘पत्र’ म्हणजे काय, याची व्याख्याच त्या कायद्यात नव्हती. त्या फटीतून अख्खा कुरिअर व्यवसाय उभा राहिला. कुरिअरवाल्याने पत्र कधी नेलंच नाही, तो ‘डॉक्युमेंट’ नेत राहिला. काकांच्या खुणेचा चौकोन त्याच सवयीतला.

ही अट मालकाकडे बघत नव्हती, याचं चांगलं उदाहरण मुंबईतच आहे. ब्लू डार्ट १९८३ साली मुंबईत सुरू झाली. पुढे तिचा बहुतांश हिस्सा जर्मन मालकीच्या डीएचएलने घेतला. मालक बदलला, पण कलम ४ ना कडक झालं ना सैल. भारतीय मालकाच्या हाती असताना कंपनीला जे नेता येत नव्हतं, तेच जर्मन मालक आल्यावरही येत नव्हतं. २०१३ साली सरकारने कुरिअर क्षेत्रातली १०० टक्के परदेशी गुंतवणूक पूर्वपरवानगीशिवाय खुली केली. त्या आदेशात पत्रवाटपाचं काम वगळलेलं होतं. ते वाचून ‘परदेशी कंपन्यांना पत्रं वाटायला बंदी’ असा अर्थ अनेकांनी काढला. शब्दांपुरता तो बरोबर, पण अर्धाच. जे देशी कंपनीलाही करता येत नव्हतं, तेच परदेशी कंपनीसाठी पुन्हा लिहिलं होतं, एवढंच.

आता चीन. तिथे दोन्ही गोष्टी आहेत, आणि एकाच कायद्यात शेजारी शेजारी आहेत. म्हणून गोंधळ जास्त होतो.

१९८६ च्या चिनी टपाल कायद्यात आपल्या कलम ४ सारखीच तरतूद होती: पत्रं आणि पत्राच्या स्वरूपाच्या वस्तू पोचवणं हे पोस्टाचं काम. त्याच वर्षी डीएचएलने सिनोट्रान्स या सरकारी कंपनीशी भागीदारी करून तिथे पाय रोवले. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला, तेव्हा कुरिअरबद्दल त्याने शब्द दिला: सुरुवातीला भागीदारीत परदेशी हिस्सा ४९ टक्क्यांपर्यंत, वर्षभरात बहुमत, चार वर्षांत पूर्ण मालकी. वगळलं होतं ते फक्त ‘सध्या’ कायद्याने पोस्टासाठी राखलेलं काम. या ‘सध्या’ शब्दावर पुढे बरीच वर्षं वाद झाला.

पुढच्याच वर्षी, २००२ च्या आरंभी, एक सूचना निघाली. खाजगी कुरिअरने ५०० ग्रॅमपेक्षा हलकी पत्रं घेऊ नयेत आणि दर पोस्टाच्या एक्स्प्रेस सेवेपेक्षा कमी ठेवू नये. कागदावर ही मक्तेदारीच, कारण चिनी कंपन्यांनाही तीच अट होती. पण व्यापारी कागदपत्रांचं पाकीट अर्ध्या किलोचं क्वचितच असतं. परदेशी कंपन्यांचा धंदा तर त्याच पाकिटांवर चालायचा. ओरड झाली आणि त्याच वर्षी अट बरीच सैल करावी लागली. नियम सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा फटका सगळ्यांना सारखा बसतो असं नाही, हे इथे दिसतं.

मग २००९ चा सुधारित टपाल कायदा आला आणि १ ऑक्टोबरपासून लागू झाला. त्याने दोन वेगळी वाक्यं लिहिली. एक: पोस्टासाठी राखलेली पत्रं आणि सरकारी कार्यालयांची अधिकृत कागदपत्रं कोणत्याही कुरिअर कंपनीने नेऊ नयेत. राखीव पत्रं नेमकी कोणती, ते चीनचं मंत्रिमंडळ ठरवणार. दोन, कलम ५१: पत्रांच्या देशांतर्गत एक्स्प्रेस सेवेत परदेशी गुंतवणूकदाराला पैसा घालता येणार नाही. पहिलं वाक्य शेनझेनच्या चिनी कंपनीलाही बांधतं. दुसरं तिला मोकळं ठेवतं आणि फक्त परदेशी मालकाला बाहेर काढतं.

‘देशांतर्गत’ म्हणजे काय, तेही कायद्याने सांगितलं आहे. उचलण्यापासून हाती देईपर्यंतचा सगळा प्रवास चीनमध्येच झालेला असला पाहिजे. आमच्या पाकिटावर हे लावून पाहा. काकांनी पावतीवर थेट निंगबोचा पत्ता घातला असता, तर पाकीट भोसरीत उचललं गेलं असतं आणि प्रवास आंतरराष्ट्रीय ठरला असता. मग तीच कंपनी ते कायदेशीरपणे निंगबोच्या दारात देऊ शकत होती. शांघायला उतरून तिथून नवी पावती फाडली की तेच कागद देशांतर्गत पत्र झाले. रस्ता तोच, हांगझोउ खाडीवरचा ३६ किलोमीटरचा पूल तोच. बदलला फक्त पावतीवरचा पहिला पत्ता.

पार्सलचं मात्र वेगळं. २०१२ साली अमेरिकी कुरिअर कंपन्यांपैकी फेडेक्सला चीनमधल्या ८ शहरांसाठी आणि यूपीएसला ५ शहरांसाठी देशांतर्गत पार्सलचे परवाने मिळाले. डीएचएलने त्याच्या आदल्या वर्षीच आपला देशांतर्गत धंदा विकला होता. पार्सलच्या बाजारात चिनी कंपन्यांचे दर इतके खाली होते की परवाना हातात असूनही परदेशी कंपनीला जागा करणं कठीणच होतं. त्यामुळे चीनमध्ये परदेशी कुरिअर कमी दिसतात याचं सगळं खापर कलम ५१ वर फोडू नये.

माझं मत विचाराल तर या दोन नियमांचं समर्थन एकाच दमात करता येत नाही. मक्तेदारीमागचं कारण मला पटणारं आहे. आपल्याकडे दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि बहुतेक खेड्यापाड्यांत. गडचिरोलीच्या पाड्यावर जाणारं पत्र आणि दादरमध्ये फिरणारं पत्र एकाच तिकिटावर जातं. दादरचा फायदा कुरिअरने उचलला तर पाड्याचा खर्च कोण भरणार, हा खरा प्रश्न आहे. युरोपने तो मान्य केला आणि राखीव वजन हळूहळू उतरवलं: ३५० ग्रॅम, मग १००, मग ५०, आणि शेवटी मक्तेदारीच काढली. कॅनडाने किमतीची रेघ ओढली: तातडीचं पत्र खाजगी कंपनीने न्यावं, पण पोस्टाच्या ५० ग्रॅमच्या पत्राच्या किमान तिप्पट दर घेऊन. या सगळ्यात कंपनी कोणाची, हे कोणी विचारलं नाही.

परदेशी मालकावरच्या बंदीला मात्र पाड्याचं कारण लागू होत नाही. चिनी खाजगी कंपनी शहरातली मलई खाते तेव्हा पोस्टाचं नुकसान तेवढंच होतं. तिथली खरी कारणं दोन: पत्रांतली माहिती परक्या हाती जाऊ नये ही सरकारची काळजी आणि देशी कंपन्यांना वाढायला दिलेली जागा. दोन्हींवर वाद घालता येतो, पण ती उघड मांडावीत. गरीब पोस्टमनला पुढे करू नये.

आपल्याकडचं चित्र आता बदललं आहे. २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला आणि पत्रं नेण्याचा सरकारचा एकाधिकार त्याने काढून टाकला. राखीव उरलं ते टपाल तिकिटं काढणं. काकांचं “पत्र पोस्टाचं” हे वाक्य आता भारतातही खरं नाही. चीनमध्ये परदेशी गुंतवणुकीला मनाई असलेल्या क्षेत्रांची यादी २०२४ साली पुन्हा आखूड झाली, पण देशांतर्गत पत्रांची एक्स्प्रेस सेवा तिच्यात तशीच राहिली. शांघायचं ऑफिस निंगबोची पाकिटं आजही चिनी कुरिअरकडे देतं, आणि भोसरीची त्या जुन्या परदेशी कंपनीच्या माणसाकडे.