प्रथिनांचे ग्लायकोसिलेशन

पेशीत तयार झालेल्या प्रथिनाला विकरांच्या (एन्झाइम) मदतीने शर्करेचे रेणू किंवा त्यांच्या साखळ्या जोडल्या जाण्याची क्रिया. माणसाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनांवर अशा साखळ्या असाव्यात असा अंदाज आहे. पेशीपटलावरची आणि रक्तात सोडली जाणारी बहुतेक प्रथिने त्यांत येतात. अल्ब्युमिन हा ठळक अपवाद. प्रथिनातील ॲमिनो आम्लांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो, शर्करासाखळीचा मात्र कुठेच लिहिलेला नसतो. पेशीत त्या वेळी कोणती विकरे हजर आहेत आणि कच्चा माल किती आहे, त्यावर साखळी ठरते. त्यामुळे एकाच प्रथिनाची शर्करा वेगवेगळ्या ऊतींत वेगळी असते, आणि आजारपणात ती बदलतेही.

याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात 14 शर्करांची तयार साखळी आंतरद्रव्यजालिकेत ॲस्परजीन या ॲमिनो आम्लाला एकदम बसवली जाते. मग तिच्या टोकाचे ग्लुकोज एकेक करून काढले जातात. प्रथिनाची घडी नीट बसली की नाही, हे याच टप्प्यावर तपासले जाते. घडी न बसलेले प्रथिन पुढे जात नाही, अखेर मोडीत निघते. पुढची छाटणी आणि भर गॉल्जी पिंडात होते. दुसऱ्या प्रकारात सेरीन किंवा थ्रिओनीन या ॲमिनो आम्लावर एकेक शर्करा चढत जाते. आतड्यातील आणि श्वासमार्गातील चिकट श्लेष्मा या प्रकारच्या साखळ्यांमुळेच पाणी धरून ठेवतो.

या शर्करांचा परिणाम उघड्या डोळ्यांनी पाहायचा तर रक्तगट तपासणी पाहावी. गावच्या रक्तदान शिबिरात पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब ठेवून त्यांत प्रतिद्रव्ये मिसळतात. ज्या थेंबात दाणे धरतात, त्यावरून गट ठरतो. ए गटाच्या तांबड्या पेशीवरील साखळीच्या टोकाला एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन असते, बी गटात गॅलॅक्टोज. ओ गटात ही भर घालणारे विकर निकामी असल्याने साखळी तिथेच थांबते. सारा फरक एवढाच, पण चुकीचे रक्त चढले तर जीव जाऊ शकतो. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली नोंदवलेल्या बॉम्बे रक्तगटात तर या तिन्ही गटांची पायाभूत एच साखळीच नसते. अशी व्यक्ती टाइलवर ओ दिसते, पण तिला ओ रक्तही चालत नाही. नुसत्या टाइलवरच्या तपासणीत हे उघडकीला येत नाही; दात्याच्या रक्ताशी जुळणी करताना किंवा एच साखळीची वेगळी तपासणी केल्यावर ते कळते.

पूर्व विदर्भात या विषयाचा संबंध सर्वाधिक येतो तो सिकलसेलमुळे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात ‘एएस पॅटर्न’ (वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द घराघरांत माहीत आहेत. मूळ दोष हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील एका ॲमिनो आम्लाचा. त्यात शर्करेचा हात नाही. पण उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी पडून हाडे ठणकायला लागतात, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर पी-सिलेक्टिन हे प्रथिन पुढे आलेले असते. ते पांढऱ्या पेशींवरील विशिष्ट शर्करासाखळ्या पकडते, त्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि वाट तुंबते. ही पकड रोखणाऱ्या क्रिझानलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या चाचणीत फायदा सिद्ध न झाल्याने युरोपने 2023 मध्ये आपली मान्यता काढून घेतली. हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरच्या जुन्या औषधाचे महत्त्व त्यामुळे कमी झालेले नाही.

इथेच एक गल्लत दूर करायला हवी. मधुमेहासाठी केली जाणारी ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीएवनसी, ग्लायकोसिलेशन मोजत नाही. तिथे ग्लुकोज विकराविना, आपोआप आणि सावकाश हिमोग्लोबिनला चिकटते; त्या क्रियेला ग्लायकेशन म्हणतात. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, हे या तपासणीत गृहीत धरलेले असते. एसएस रुग्णात ती 10 ते 20 दिवसांतच फुटते, म्हणजे साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा कमी येऊ शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने तो वाढलेला दिसू शकतो, आणि लोहाची कमतरता खेड्यातल्या बायकांत सर्रास आढळते. अशा रुग्णांत नुसत्या या आकड्यावर औषध ठरवणे चूक. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, किंवा फ्रुक्टोसामीन (रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटलेल्या साखरेची तपासणी), हे आधार जास्त भरवशाचे.

गडचिरोलीच्या जंगलात हटून बसलेला फॅल्सिपॅरम मलेरियाही शर्करा ओळखूनच आत शिरतो. त्याचा परजीवी तांबड्या पेशीवरील ग्लायकोफोरिन-ए या प्रथिनाचे सियालिक आम्ल, म्हणजे साखळीच्या टोकाची एक शर्करा, पकडतो. हे आम्ल नसल्यास काही वाणांची वाट अडते, काही दुसऱ्या मार्गाने घुसतात. फ्लूचा विषाणूही सियालिक आम्लालाच चिकटतो. पेशीबाहेर पडताना तो तेच आम्ल तोडतो, आणि ओसेल्टामिव्हिर हे औषध त्याचे हे तोडणे थांबवते.

ग्लायकोसिलेशनच्या यंत्रणेतच जन्मजात दोष असणारे आजार विरळ आहेत. यांतील पहिल्या रुग्णांचे वर्णन बेल्जियमचे याक याकेन यांनी 1980 मध्ये केले. वाढ खुंटणे, झटके, यकृताचे विकार अशी लक्षणे विखुरलेली असल्याने निदान लांबते. यांतील एका प्रकारात मॅनोज ही साधी शर्करा पोटात दिल्याने गुण येतो, हे विशेष. कर्करोगाच्या पेशींवरही साखळ्या बदलतात. मुख्यतः स्वादुपिंडाच्या कर्करोगात केली जाणारी सीए 19-9 ही रक्ततपासणी अशाच एका साखळीवर आधारलेली आहे. काही माणसांत ती साखळी मुळातच बनत नाही, म्हणून तपासणी निर्दोष आली तरी निश्चिंत होता येत नाही.

वऱ्हाडातल्या वाचकाला कपाशीबद्दल प्रश्न पडणारच. बीटी कपाशीतील क्राय1एसी हे विष काही अळ्यांच्या आतड्यातील प्रथिनांवर असलेल्या एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामीनला, म्हणजे ए रक्तगटाच्याच शर्करेला, चिकटते. मात्र 2017 मध्ये विदर्भात थैमान घातलेल्या गुलाबी बोंडअळीच्या प्रतिकाराचा दोष शर्करेवर टाकू नये. भारतातील या अळीत कॅडहेरिन या प्रथिनाच्या जनुकातले बदल आढळले आहेत.