काकूंच्या गोळ्या नेमक्या लावणीतच का चुकायच्या

आमच्या नात्यातल्या एक काकू आहेत, गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीकडं, त्यांच्या मानसिक आजाराच्या गोळ्या दरवर्षी भात लावणीच्या टायमालाच चुकायच्या. धो धो पाऊस, दवाखाना लांब, सोबत एक माणूस पाहिजे आणि लावणी सोडून येणार कोण. खंड पडला की आजार उलटायचा, मग रात्री जीप करून अ‍ॅडमिट. घरचे म्हणायचे काकू ऐकतच नाहीत. मला पण तसंच वाटायचं.

नंतर कॉम्प्लेक्सिटी सायन्स, म्हणजे गुंतागुंतीच्या गोष्टींचं शास्त्र, वाचायला लागलो. वॉरन वीव्हर या अमेरिकन गणितज्ञानी 1948 मधेच मांडलंय की काही प्रश्नांत बऱ्याच गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात, एकेक सुटी काढून बघितली तर काही हाती लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा तशीच आहे. गोळ्या चुकल्या की आजार उलटतो, असा पेशंट तपासायला डॉक्टरांना जास्त वेळ लागतो, त्यानं रांग वाढते, रांगेला कंटाळून दुसरे कोणतरी पुढच्या खेपेला येतच नाहीत आणि त्यांच्याही गोळ्या चुकतात. यात एकट्या कुणाची चूक काढणार?

आणि रांगेचं गणित तर बघाच. पेशंट कधीही येतात, कुणाला कमी वेळ लागतो कुणाला जास्त, असं धरलं तर साध्या हिशोबात डॉक्टरांचा 80 टक्के वेळ भरलेला असताना सरासरी थांबणं एका तपासणीच्या 4 पट होतं, 90 टक्क्याला 9 पट आणि 95 ला 19 पट! म्हणजे आधीच तुडुंब ओपीडीत थोडे पेशंट वाढले तरी रांग बाहेर जाते, पण थोडासा भार कमी केला तरी ती तितक्याच झपाट्यानं आटते, मला यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

भार कमी करायचे प्रयत्न आपल्याच कर्नाटकात झालेत. 1985 ते 1990 मधे बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ट्रेनिंग देऊन बघितलं, त्यावरनंच 1996 ला देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. 2022 पासून टेलिमानस या फोनवरच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 नंबर आहे, भाषा निवडता येते, आमच्यासारख्या सीमाभागात मनातलं मराठीत सांगता येणं ही लहान गोष्ट नाही.

काकूंच्या घरी एवढंच केलं, डॉक्टरांना विचारून लावणीच्या आधीच दोन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवल्या, आशाताई येता जाता मोजून जायच्या. गेल्या पावसाळ्यात काकू इरलं घेऊन सगळ्यांबरोबर चिखलात लावणीला होत्या.