लिंत्स

ऑस्ट्रियातील डॅन्यूबकाठचे औद्योगिक शहर आणि अपर ऑस्ट्रिया प्रांताची राजधानी. लोकसंख्या दोन लाखांहून थोडी अधिक. व्हिएन्ना आणि ग्रात्सनंतर देशातले तिसरे मोठे शहर. रोमन काळात येथे लेंटिया नावाचे लष्करी ठाणे होते. व्हिएन्ना-साल्झबुर्ग लोहमार्गावर असूनही अनेक प्रवासी लिंत्स गाडीच्या खिडकीतूनच पाहतात. धुरांड्यांचे गाव अशी त्याची ख्याती होती आणि ती खोटीही नव्हती.

जुने शहर नदीच्या दक्षिण तीरावर आहे. पुलावरून उतरले की थेट हाउप्टप्लात्स या मुख्य चौकात पाय पडतो. सुमारे १३,००० चौ. मी. विस्ताराच्या या चौकाच्या मध्यभागी पांढऱ्या संगमरवराचा २० मी. उंच त्रैक्यस्तंभ (ख्रिस्ती धर्मातील पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रयीचा स्तंभ) आहे. युद्ध, आग आणि प्लेग यांतून शहर बचावल्याबद्दल कृतज्ञता म्हणून तो १७२३ मध्ये पूर्ण झाला. थोड्या अंतरावरचे नवगॉथिक नवे कॅथेड्रल क्षमतेच्या दृष्टीने देशातले सर्वांत मोठे चर्च. त्याचा मनोरा व्हिएन्नाच्या सेंट स्टीफनपेक्षा जेमतेम दोनेक मीटरने बुटका आहे. राजधानीपेक्षा उंच बांधायची परवानगी मिळाली नाही, असे सांगतात.

खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर १६१२ ते १६२६ या काळात येथे राहत होता. १६१३ मध्ये दुसऱ्या लग्नासाठी त्याने द्राक्षमद्याची पिंपे घेतली. विक्रेता भोकातून तिरकी काठी घालायचा आणि ती किती भिजली यावरून मद्याचे माप ठरवायचा. केप्लरला हा हिशेब पटेना. त्यातून पिंपांच्या घनफळावरचा त्याचा ग्रंथ जन्मला. तो १६१५ मध्ये लिंत्समध्येच छापला गेला आणि पुढच्या कलनशास्त्राची चाहूल त्यात लागते. १७८३ मध्ये मोझार्ट येथे उतरला तेव्हा त्याच्याजवळ एकही सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) नव्हती, आणि मैफल तर ठरलेली. त्याने चारेक दिवसांत नवी रचली. तीच ‘लिंत्स सिंफनी’. संगीतकार आंटोन ब्रुकनर हा मात्र इथलाच, जवळच्या आन्सफेल्डेनचा. जुन्या कॅथेड्रलमध्ये तो ऑर्गनवादक होता.

हिटलरचे शालेय दिवस लिंत्समध्ये गेले. १२ मार्च १९३८ रोजी हाउप्टप्लात्सवरील नगरभवनाच्या सज्जातून त्याने भाषण केले. त्याच वर्षी येथे प्रचंड पोलाद कारखान्याची पायाभरणी झाली. पुढे तेथे वेठबिगार आणि माउटहाउझेनच्या छळछावणीतील कैदी राबवले गेले; ती छावणी शहरापासून सुमारे २० किमी.वर आहे. युद्धानंतर दक्षिण तीर अमेरिकनांकडे, तर उत्तरेचा उरफार भाग सोव्हिएत सैन्याकडे गेला आणि पूल ओलांडायला कागदपत्रे लागू लागली. कारखाना मात्र चालत राहिला. शुद्ध ऑक्सिजन फुंकून पोलाद बनवण्याची एलडी पद्धत १९५२ मध्ये येथेच प्रत्यक्ष उत्पादनात आली. राउरकेलाच्या कारखान्यामुळे भारतात रुळलेल्या या अक्षरांतला ‘एल’ म्हणजे लिंत्स.

संस्कृतीच्या बाबतीत शहराने मोझार्टच्या आठवणींवर गुजराण केली नाही, हे विशेष. १९७९ मध्ये आर्स इलेक्ट्रॉनिका हा तंत्रज्ञान आणि कलेचा महोत्सव सुरू झाला. त्याच वेळी नदीकाठच्या उद्यानात ध्वनिक्षेपकांवरून ब्रुकनरची आठवी सिंफनी विनामूल्य ऐकवली गेली. घरोघरी रेडिओ खिडकीत ठेवा, असे नागरिकांना आवाहन होते. ‘ध्वनिमेघ’ या नावाने ही प्रथा दरवर्षी पाळली जाते. आज दक्षिण तीरावर काचेचे लेंटोस कलासंग्रहालय (२००३) आणि समोर आर्स इलेक्ट्रॉनिका केंद्र आहे. रात्री दोन्ही इमारती रंग बदलत नदीत उतरतात. २००९ मध्ये लिंत्स युरोपची सांस्कृतिक राजधानी होते. त्याच वर्षी बंद पडलेला जुना तंबाखू कारखाना आता कलावंत आणि नवउद्योजकांच्या ताब्यात आहे.

खाण्यात लिंत्सर टोर्ट प्रसिद्ध: बदाम किंवा हेझलनटची पूड, दालचिनी, लवंग, लाल करंटचा मुरंबा आणि वर पिठाची जाळी. तिची कृती १६५३ मधील हस्तलिखितात सापडते.

शहराचा नकाशा डोळ्यांत बसवायचा तर हाउप्टप्लात्सवरून ट्रामने ५३९ मी. उंच प्योस्टलिंगबेर्गवर जावे. १८९८ मध्ये सुरू झालेला हा मार्ग दातेरी रुळांशिवाय ११ टक्क्यांहून अधिक चढ चढतो. वर दोन मनोऱ्यांचे तीर्थचर्च आहे; खाली नदी, कॅथेड्रल, आणि पूर्वेला अजूनही वाफ सोडणारा पोलाद कारखाना.