वेदना आणि तृष्णा यांच्यामधली जागा

संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातील सल्ल सुत्तात एक दृष्टान्त आहे. बाण लागलेल्या माणसावर लगेच दुसरा बाण सोडावा, तसे असंस्कारित मनाचे होते: शारीरिक वेदना हा पहिला बाण आणि तिच्यापायी होणारा शोक, चडफड हा दुसरा. साधकालाही पहिला बाण लागतोच, पण दुसरा लागत नाही. बौद्ध विचारातील मनःशांती मुख्यतः या भेदावर उभी आहे, आणि वेदनेचे विज्ञानही वेगळ्या वाटेने अशाच एका भेदापाशी पोहोचले आहे.

वेदनेचे संशोधक पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगात सहभागींचे हात दुखेल इतक्या गरम पाण्यात ठेवले आणि संमोहनातील सूचनांनी त्या वेदनेचा केवळ नकोसेपणा कमी-जास्त केला. त्याबरोबर मेंदूच्या अँटेरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागातील सक्रियता बदलली; स्पर्शसंवेदना प्रथम नोंदवणाऱ्या कॉर्टेक्समधली मात्र बदलली नाही. किती दुखते आणि ते किती असह्य वाटते, हे मेंदू काहीसे निरनिराळे हाताळतो. पुढे झेन साधकांवरील अभ्यासात (२०११) असे दिसले, की उष्णतेची वेदना होत असताना त्यांच्या मेंदूतील इन्सुला आणि थॅलॅमस हे वेदनेची संवेदना हाताळणारे भाग अधिक सक्रिय होते, तर मूल्यमापन आणि भावनांशी निगडित भाग तुलनेने शांत होते. हे बधिरपण नव्हे. वेदना पोहोचत होती, तिच्यावरचे भाष्य तेवढे थांबले होते.

सुखद अनुभवांच्या बाबतीत हा विचार अधिक अवघड, आणि माझ्या मते अधिक मोलाचा ठरतो. प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे दुःख कशातून कसे उपजते हे सांगणाऱ्या बौद्ध कार्यकारणाच्या, साखळीत वेदनेतून, म्हणजे सुखद, दुःखद वा तटस्थ अनुभूतीतून, तृष्णा उपजते आणि साधनेचा रोख नेमका या दुव्यावर असतो. मेंदू-संशोधक केंट बेरिज यांच्या प्रयोगांत मेंदूतील डोपामिन हे रसायन जवळजवळ नाहीसे केलेले उंदीर आपणहून खाईनासे झाले, पण तोंडात गोड द्रावण पडले की आवडल्याच्या खुणा त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीसारख्याच उमटत. हवे असणे आणि आवडणे यांची यंत्रणा एकच नाही. म्हणूनच हव्यास वाढत असताना आनंद तेवढाच राहू शकतो.

ध्यानामुळे मेंदूची रचनाच बदलते, हा लोकप्रिय दावा मात्र जपून घ्यावा. आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर असे रचनात्मक बदल आढळले नाहीत, असे २०२२ च्या एका नियंत्रित अभ्यासात दिसले. त्याआधी २०१४ मध्ये ४७ चाचण्यांच्या आढाव्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसली होती, पण व्यायाम वा औषधांसारख्या अन्य उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नव्हता. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या आणि पुढे सर्वत्र पसरलेल्या ध्यानाधारित उपचारपद्धतीने अष्टांगिक मार्गातील मुख्यतः सम्यक स्मृती, म्हणजे सजगता, उचलली. सम्यक वाचा, कर्म आणि आजीविका ही अंगे अशा चाचण्यांत सहसा मोजली जात नाहीत, आणि बौद्ध परंपरेत तर स्वस्थ चित्ताचा पाया शीलावर, म्हणजे सदाचरणावरच, घातलेला आहे.