जीएसटी: केंद्राचं कार्यालय की राज्याचं? बिलाकडे बघून ते कळत नाही

18 टक्क्यांच्या बिलावर 9 सीजीएसटी (केंद्राचा), 9 एसजीएसटी (राज्याचा). माल राज्याबाहेर गेला की सरळ 18 आयजीएसटी (एकत्रित कर). एवढं दुकानातल्या नव्या पोरालाही ठाऊक असतं. घोळ पुढे आहे. कर दोन म्हणजे कार्यालयंही दोन, सीजीएसटीचं काम केंद्राच्या रेंजमध्ये (म्हणजे स्थानिक कार्यालयात) आणि एसजीएसटीचं मुंबईत माझगावच्या जीएसटी भवनात, असं धरून चालणारे व्यापारी अजूनही आहेत. त्यांना तसं सांगणारे सल्लागारही आहेत, ते जास्त वाईट.

वाटणी कराची वेगळी आणि करदात्यांची वेगळी. कर प्रत्येक बिलात दोघांत विभागला जातो, पण करदाता अख्खाच्या अख्खा एकाच प्रशासनाकडे असतो. जीएसटी कायद्याच्या कलम 6 मुळे राज्याचा अधिकारी सीजीएसटीची आणि केंद्राचा अधिकारी एसजीएसटीची कारवाई करू शकतो. म्हणून राज्यकर उपायुक्तांच्या नोटिशीत दोन्ही करांची मागणी असते, आणि ती बरोबर असते. ‘यांना सीजीएसटी मागायचा अधिकार काय’ ही हरकत उत्तरात घालून कागद वाया घालवू नका. परताव्याचंही तसंच. मंजुरी एकाची आणि आपापल्या हिश्श्याचे पैसे दोघांचे, हा जुना द्राविडी प्राणायाम सप्टेंबर 2019 मध्ये संपला. आता एकच अधिकारी पूर्ण रक्कम देतो.

कोण कोणाकडे, याचं सूत्र जीएसटी परिषदेने 2017 मध्ये ठरवलं. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीचे 90 टक्के करदाते राज्याकडे, 10 टक्के केंद्राकडे, त्यावरचे निम्मे-निम्मे. म्हणजे ‘दीड कोटी ओलांडले की केंद्र’ हेही खोटं. आणि ‘जीएसटी नंबर 27 ने सुरू होतो, म्हणजे आपण महाराष्ट्र शासनाकडे’ हे तर साफ चूक. 27 म्हणजे नोंदणी महाराष्ट्रातली, 30 म्हणजे गोव्यातली. त्या आकड्यांवरून कार्यालय कळत नाही.

कळतं ते असं. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये नंबर टाका. दोन कार्यालयं दिसतील. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिस’समोर कंसात सेंटर आहे की स्टेट, ते बघा: तेच तुमचं. ‘अदर ऑफिस’ हे दुसरं. दोन्ही नावं दिसतात म्हणून दोन्हीकडे अर्ज टाकणारे लोक इथेच फसतात. पत्रावरूनही ओळखता येतं. रेंज, डिव्हिजन, सुपरिंटेंडेंट असे शब्द असतील तर केंद्र. राज्यकर अधिकारी, राज्यकर उपायुक्त असतील तर राज्य.

अपवाद एकच, पण जड. गुप्त माहितीवरून होणाऱ्या कारवाईत ही वाटणी आड येत नाही. राज्याकडच्या करदात्याकडे केंद्राचं पथक येऊ शकतं आणि उलटही. मात्र एकाने एखाद्या विषयावर कार्यवाही सुरू केली असेल, तर त्याच विषयावर दुसऱ्याला ती सुरू करता येत नाही. सुरू कधी झाली म्हणायची? ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं: नुसतं समन्स म्हणजे कार्यवाही नव्हे, कारणे दाखवा नोटीस म्हणजे कार्यवाही. तेव्हा दुसऱ्या कार्यालयाचं समन्स आलं तर हजर राहा, आणि पहिल्या नोटिशीचा क्रमांक, तारीख, कालावधी व मुद्दा लेखी देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं फाइलवर येत नाही.

अपील आदेश देणाऱ्याच्या वाटेने जातं. राज्याच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर राज्याच्या अपील प्राधिकाऱ्याकडे, केंद्राचा असेल तर केंद्राच्या. मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर वर एक महिना. वादातल्या कराच्या 10 टक्के रक्कम आधी भरायची. चुकीच्या दारात मुदत संपवली, तर त्या जादा महिन्याची आशा धरावी लागते.

सीमाशुल्क मात्र पूर्ण केंद्राचं. तिथे राज्याचा संबंध नाही. केंद्राच्या जीएसटीसारखं तेही केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाखालीच येतं, पण त्याची आयुक्तालयं जीएसटीपेक्षा वेगळी. म्हणून आयजीएसटी भरून निर्यात केली तर परतावा न्हावा शेव्यासारख्या बंदरातलं सीमाशुल्क देतं. शिपिंग बिल (निर्यातीसाठी सीमाशुल्काकडे भरायचा कागद) हाच अर्ज, वेगळा करायचा नाही. एलयूटीवर, म्हणजे हमीपत्र देऊन कर न भरता माल पाठवला, तर साठलेल्या क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या कराचा) परतावा आरएफडी-01 हा फॉर्म भरून तुमच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे मागायचा. शिपिंग बिल आणि जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र) यांमधला इन्व्हॉइस नंबर जुळत नाही म्हणून पहिल्या प्रकारातला परतावा अडकतो, आणि निर्यातदार जाऊन बसतो जीएसटीच्या रेंजमध्ये. तिथला सुपरिंटेंडेंट काहीही करू शकत नाही. आधी जीएसटीआर-1 मधली चूक दुरुस्त करा, मग सीमाशुल्काकडे पाठपुरावा करा.

जाता जाता: व्यवसाय कर राज्याचा. जीएसटीसाठी केंद्राकडे असलात तरी त्याची नोटीस राज्यकर विभागच पाठवणार.