अचूकपणा वेगळा, बारकावे वेगळे: लढाऊ जेटच्या मॉडेलमधली एक गल्लत

एफ-४ फँटम या अमेरिकी लढाऊ जेटची दोन मॉडेलं शेजारी शेजारी ठेवली आहेत असं समजा, दोन्ही १/७२ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी. पहिल्याच्या कॉकपिटमध्ये फोटोएचचे (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेले) पितळी सीटबेल्ट आहेत, प्रत्येक डायलवर काचेसारखा पारदर्शक थेंब आहे, चाकांच्या खोबणीत बारीक तारेच्या नळ्या फिरवल्या आहेत आणि अंगभर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या खुणा, टोचले आहेत. दुसरं डब्यातून निघालं तसंच जोडलेलं आहे, सीटवर साधे बेल्टही नाहीत. आता दोन्ही मॉडेलं उचला आणि मागून, शेपटीच्या बाजूने बघा. पहिल्याच्या शेपटीचे आडवे पंख जेमतेम खाली झुकलेत. दुसऱ्याचे २३ अंश खाली उतरलेत आणि मुख्य पंखांचे बाहेरचे भाग १२ अंश वर उचललेले आहेत. प्रदर्शनात गर्दी पहिल्याभोवती होईल, आणि 'काय अचूक केलंय!' हे शब्दही त्याच्याच वाट्याला येतील. फँटमसारखं मात्र दुसरंच दिसतंय.

ही गल्लत अगदी सरावलेल्या हातांकडूनही होते, कारण दोन्ही गुणांमागे मेहनत असते आणि मेहनत दिसली की आपण तिला अचूकपणाच समजतो. मी फरक असा धरतो: बारकावे म्हणजे विमानावरच्या किती गोष्टी मॉडेलवर दाखवल्या, याचा हिशोब. अचूकपणा म्हणजे जे काही दाखवलंय ते खऱ्या विमानाच्या मापापासून किती मिलिमीटर आणि किती अंश हललंय, याचा हिशोब. पहिला वाढवायला वस्तू चिकटवाव्या लागतात. दुसऱ्यासाठी अनेकदा प्लास्टिक काढून टाकावं लागतं.

फँटमचे ते कोन शोभेसाठी आलेले नाहीत, म्हणून ते चुकले की नजरेला खुपतं. विंड टनेलच्या चाचण्यांत विमानाला आडव्या दिशेने स्थिरता कमी पडते असं दिसलं, आणि पंखांना ५ अंशांचा वरचा कोन द्यायची गरज निघाली. पण पंखाचा मधला भाग टायटॅनियमचा, तो नव्याने आखणं जड होतं. मॅकडॉनेल या निर्मात्या कंपनीच्या अभियंत्यांनी फक्त बाहेरचे भाग १२ अंश वर वाकवले, म्हणजे पूर्ण पंखाची सरासरी हवी तेवढी आली. शेपटीचे पंख खाली वळवले ते नाक खूप वर असतानाही विमान ताब्यात राहावं म्हणून, आणि तसं करतानाही ते इंजिनाच्या झोतापासून दूर राहिले. १९५८च्या मे महिन्यात पहिल्यांदा उडालेल्या या विमानाची ओळख या दोन कोनांत आहे. रिव्हेट एकही नसला तरी सावलीवरून फँटम ओळखता येतो, आणि कोन गेले की हजार रिव्हेटही तो परत आणत नाहीत.

मॉडेलवर हे कोन बिघडतात ते बहुधा गोंद सुकताना. शेपटीच्या पंखाची खुंटी भोकात सैल बसते, पंख स्वतःच्या वजनाने किंवा बोटाच्या धक्क्याने हलतो आणि तसाच वाळतो. मी एका फँटमवर तीन आठवडे कॉकपिट रंगवला होता आणि शेपटी एका संध्याकाळी घाईत चिकटवली होती. दोन्ही पंखांचे कोन वेगवेगळे झाले होते, आणि ते दिसलं डेकल (चिन्हं आणि क्रमांकांची चिकटचित्रं) लावून झाल्यावर. तेव्हापासून जाड पुठ्ठ्यातून २३ आणि १२ अंशांचे साचे आधी कापतो, त्यांवर पंख टेकवतो आणि रात्रभर हात लावत नाही. पुठ्ठा, कोनमापक आणि कटर, एवढ्यावर काम भागतं. मॉडेलवर मी करत असलेल्या इतर कुठल्याही कामापेक्षा यातून अचूकपणा जास्त मिळतो.

आता पॅनल लाइनबद्दल, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या रेघांबद्दल, कारण खरा घोळ तिथे आहे. १/७२ स्केलमध्ये मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे विमानावरचे ७२ मिलिमीटर. खऱ्या जेटच्या पत्र्यांमधली फट दोन मिलिमीटर धरली, तर १/७२मध्ये ती ०.०३ मिलिमीटरपेक्षाही कमी होते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे खरी फट मॉडेलवर केसाच्या निम्म्याहून बारीक. किटवर कोरलेली रेघ समजा ०.२ मिलिमीटर रुंद आहे. ती खऱ्या विमानावर नेली तर १४ मिलिमीटरची भेग होते, जिच्यात करंगळी आरामात शिरेल. अशा भेगांनी भरलेलं विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणं सोडा, धावपट्टीवरून उठणारही नाही. तीच ०.२ची रेघ १/४८मध्ये साडेनऊ मिलिमीटरची आणि १/३२मध्ये साडेसहा मिलिमीटरची ठरते. स्केल मोठं होईल तशी चूक आपोआप लहान होते, ती पूर्ण जात मात्र नाही.

जुन्या किटवर रेघा उठावदार असायच्या. त्या घासून काढायच्या आणि नव्याने कोरायच्या, याला मॉडेल 'अचूक करणं' म्हणायची पद्धत पडली. माझं मत वेगळं आहे. बारीक उठावदार रेघ आणि रुंद कोरलेली रेघ, दोन्ही स्केलबाहेरच्याच. कोरलेली रेघ वॉश (रेघांत उतरणारा पातळ रंग) धरून ठेवते, डोळ्याला आवडते, आणि ते कारण मला पुरेसं वाटतं. फक्त त्याला बारकाव्याची सोय म्हणावं, अचूकपणा म्हणू नये.

मग रेघा ठेवायच्या की बुजवायच्या? मी ठेवतो, पण सगळ्यांना एका मापाने वागवत नाही. एलेव्हॉन, फ्लॅप, रडर अशा हलणाऱ्या भागांच्या कडेच्या फटी खऱ्या विमानावरही खोल आणि काळ्या दिसतात, तिथे गडद वॉश शोभतो. तपासणीसाठी वारंवार उघडली जाणारी झाकणं कडेने मळतात, तिथे मूळ रंगापेक्षा थोडी गडद छटा पुरते. पण पत्र्याचे कायमचे जोड दोन मीटरवरून दिसतसुद्धा नाहीत. तिथे मी वॉश जवळपास त्याच रंगाचा घेतो किंवा टाळतोच. प्रत्येक रेघेत सारखाच काळा वॉश ओतला की करड्या जेटला फरशीची नक्षी चढते. रिव्हेटचंही असंच आहे: वेगवान जेटवर ते बहुतेक पत्र्याशी समतल बसवलेले असतात, आणि १/७२मध्ये खड्ड्यासारखे टोचलेले रिव्हेट विमानावर कुठेच नसतात. एफ-३५ने तर हा प्रश्न उलटाच करून टाकला. त्याच्या जोडांवर रडार शोषणाऱ्या आवरणाचे पट्टे असतात, म्हणून तिथे कोरलेल्या रेघेऐवजी वेगळ्या छटेचे, नाकाच्या बाजूला करवती कडांचे पट्टे दिसतात. तिथे काळ्या रेघांचं जाळं काढणं म्हणजे बारकावा जास्त आणि सत्य कमी.

कडांच्या जाडीकडे तर फारच थोडे लोक बघतात. पंखाची मागची कड किटवर अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर १/७२ स्केलने ती ३६ मिलिमीटर होते. एफ-१०४ स्टारफायटर आठवा. त्याच्या पंखाची पुढची कड इतकी धारदार होती की तिची गोलाई अवघी ०.४ मिलिमीटर त्रिज्येची, आणि जमिनीवर माणसांना इजा होऊ नये म्हणून तिच्यावर संरक्षक पट्ट्या चढवायचे. हे माप १/४८मध्ये आणलं तर एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्याही आत येतं. प्लास्टिकमध्ये ते अशक्य आहे. पण दोन्ही अर्धे जोडण्याआधी आतल्या बाजूने सँडपेपर फिरवून कड जमेल तितकी पातळ केली, तर पंख पंखासारखा दिसायला लागतो. या कामात मॉडेलवर नवं काहीच येत नाही. बारकाव्यांच्या यादीत त्याला शून्य गुण, आणि तरी हाच तास मला सगळ्यात सत्कारणी लागलेला वाटतो.

एक तिसरी जागा आहे जिथे दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकतात: मॉडेल नेमकं कोणत्या विमानाचं? 'एफ-१६' एवढं उत्तर पुरत नाही. एफ-१६सीच्या ब्लॉक ३०पासून (ब्लॉक म्हणजे उत्पादनातली आवृत्ती) दोन कंपन्यांची इंजिनं आली, आणि ब्लॉकच्या आकड्यातच ते लिहिलेलं आहे. ३०, ४०, ५० म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचं (जीई) इंजिन. ३२, ४२, ५२ म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचं. जीईच्या इंजिनाला हवा जास्त लागते, म्हणून त्या विमानांचं पोटाखालचं इनटेक, म्हणजे हवा आत घेणारं तोंड, रुंद केलं गेलं, जवळजवळ ३० सेंटिमीटरने. ब्लॉक ३०ची सुरुवातीची विमानं अपवाद. त्यांना जीईचं इंजिन असूनही तोंड लहानच आहे. नॉझलचा (झोत बाहेर पडतो त्या मागच्या टोकाचा) आकारही दोन्ही इंजिनांचा वेगळा. ३० सेंटिमीटर म्हणजे १/७२मध्ये ४ मिलिमीटर, १/४८मध्ये ६ मिलिमीटर. समोरून बघणाऱ्याला लगेच कळतं. पुढे ब्लॉक ४०/४२पासून चाकं मोठी झाली, मुख्य चाकांच्या दारांना फुगवटे आले आणि उतरण्याचे दिवे मुख्य चाकांच्या पायांवरून पुढच्या चाकाच्या दारावर गेले. आता कुणी ब्लॉक ५२चे डेकल घेतले, रेझिनचं उत्तम जीई नॉझल बसवलं, त्याच्या आतल्या पाकळ्या एकेक करून रंगवल्या, आणि तोंड रुंदच ठेवलं. प्रत्येक भाग सुटा बघितला तर सुरेख. पण या जुळणीचं विमान त्या क्रमांकाखाली उभंच राहू शकत नाही.

विमानाची त्या क्षणाची अवस्थाही यातच येते. एफ-१५ ईगलचे इनटेक इंजिन सुरू होताना खाली झुकतात. इंजिन बंद, कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उघडी, सीट रिकामी, शिडी लावलेली आणि इनटेक मात्र खाली, असं मॉडेल मी अनेकदा पाहिलंय. खाली झुकलेले इनटेक रुबाबदार दिसतात हे मान्य. मग आत वैमानिक बसवा.

माप पडताळायचं कशाशी, हा प्रश्न सोपा नाही. फोटो जवळून काढलेला असेल तर नाक प्रत्यक्षापेक्षा मोठं आणि शेपटी लहान दिसते. आकार ताडायला लांबून, मोठ्या लेन्सने घेतलेला बाजूचा फोटो बरा. छापील आराखडेही एकमेकांवरून काढलेले असतात आणि चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. मी आधी साधी बेरीज-वजाबाकी करतो. फँटमचा पंखविस्तार ११.७ मीटर, म्हणजे १/७२ला १६२ ते १६३ मिलिमीटर. किटचे पंख टेपने जोडून पट्टी लावली की झालं. फक्त आकडा कशाचा आहे ते बघावं. एफ-१६चा पंखविस्तार कुठे ९.४५ मीटर दिसतो, कुठे १० मीटर. दोन्ही बरोबर आहेत: दुसऱ्यात टोकांवरची क्षेपणास्त्रं धरलेली आहेत. मिग-२१च्या लांबीत नाकापुढची दांडी मोजली आहे की नाही हे न बघता किटला नावं ठेवणारेही असतात.

आणि मिळालेली प्रत्येक चूक सुधारायलाच हवी असंही मी मानत नाही. धडाची लांबी दीड मिलिमीटरने कमी निघाली म्हणून ते कापून मधे पट्टी घालायची, तर त्याबरोबर इनटेक, पंखाची मुळं, डेकल सगळंच सरकतं. एक माप जुळवताना चार बिघडतात. कॅनोपीचा फुगवटा, नाकाचा उतार, जमिनीवर उभं राहण्याची ढब, पंखांचे कोन, हे मी सोडत नाही. लांबीतला दीड मिलिमीटर सोडतो.

बारकावे मला कमी आवडतात असं यावरून कुणी समजू नये. उघड्या कॅनोपीखालची नीट रंगवलेली इजेक्शन सीट, तिच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या मुठी, मी तासन्‌तास बघत बसतो. पण हल्ली नवं किट आणलं की स्प्रूवरून (भाग जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून) आधी धड, पंख आणि शेपटी कापतो, टेपने जोडतो आणि ते रिकामं, बेरंगी विमान काही दिवस टेबलावर उभं ठेवतो. येता-जाता समोरून, मागून, बाजूने नजर टाकतो. काहीतरी खटकतंय असं दोन-तीनदा वाटलं की पट्टी आणि कोनमापक काढतो. फोटोएचचं पाकीट तोवर बंदच असतं.